लिस्ट बघू द्या, हात लावू देऊ नका: रीड-ओन्ली व्ह्यू कसा बनवायचा

आधी भानगड सांगतो, मग कोडकडे येतो. आम्ही नाशिकमधे बसून कांदा व्यापाऱ्यांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत लागतात, प्रत्येक ट्रॉलीला नंबर पडतो, लिलावात भाव पुकारला जातो, मग ट्रॉली काट्यावर जाते आणि शेवटी शेतकऱ्याला हिशोबपट्टी मिळते. आमच्या प्रोग्रॅममधे भावाची लिस्ट वेगळी आणि वजनकाट्याची लिस्ट वेगळी होती, आणि पट्टी छापताना दोन्ही जुळवायच्या फक्त लिस्टमधल्या जागेनं, म्हणजे चौदावा भाव आणि चौदावं वजन एकाच ट्रॉलीचं असं गृहीत धरलेलं. (हो, हे डिझाईन गंडलेलंच होतं, कबूल आहे.)

एक दिवस ज्युनियरनं नवीन स्क्रीन बनवली, "आजचे टॉप १० भाव". काम साधं. भावाची लिस्ट मागवली, उतरत्या क्रमानं सॉर्ट केली, पहिले दहा दाखवले. स्क्रीन एकदम झकास दिसत होती. दुपारी व्यापाऱ्याचा फोन, "अहो इंजिनियर साहेब, इथं शेतकरी उभाय, म्हणतोय माझा भाव अठराशे पन्नास पुकारला आणि शेठ तुम्ही पट्टीवर चौदाशे वीस लावलाय." मागून शेतकऱ्याचा आवाज येतच होता. तोवर पंधरा-वीस पट्ट्या छापून गेल्या होत्या आणि कुणाचा भाव कुणाला लागला होता.

झालं काय, की गेटरनं (म्हणजे क्लासमधली लिस्ट बाहेर देणाऱ्या मेथडनं) लिस्टची कॉपी दिली नव्हती, खरी लिस्टच हातात दिली होती. सॉर्ट झाली ती स्क्रीनची लिस्ट नाही, आख्ख्या दुकानाची लिस्ट. ज्युनियरची चूक म्हणावी तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही लिस्ट फक्त बघायची आहे, आणि सांगून लक्षात राहतं असंही नाही, म्हणून ते कोडनंच अडवलं पाहिजे. ते कसं अडवायचं, हेच आज सविस्तर बघू. उदाहरणं मुख्यतः जावात, कारण आमचं सॉफ्टवेअर जावात आहे, मग पायथॉन, आणि शेवटी सी शार्प, कॉटलिन आणि जावास्क्रिप्टवर धावती नजर. कोडपण इथं देवनागरीत लिहितोय, एडिटरमधे अर्थात इंग्रजीतच टाईप करा. (तसं जावा आणि पायथॉन ३ दोन्हीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, पण टीममधे असलं काही केलंत तर शिव्या खाल.)

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर काय विचारतात? "दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीच्या पात्रातली मूर्ती) कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. पुलावर उभं राहून कुणीही बघू शकतो, पण बघणाऱ्याच्या हातात पाणी वाढवणं किंवा कमी करणं नाही. तरी पाणी वाढतंच, कारण ते दुसरीकडून सुटतंय. रीड-ओन्ली व्ह्यू म्हणजे हे पुलावरून बघणं. तुम्ही बदलू शकत नाही, पण तुमच्या डोळ्यादेखत बदलत राहतं.

कॉपी म्हणजे व्हॉट्सॅपवर आलेला फोटो. काढला त्या क्षणाचा खरा, पण तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर पाणी कुठल्या कुठं गेलेलं असतं, आणि मागच्या वर्षीचा फोटो आजचा म्हणून फिरतो ते वेगळंच. म्हणून फोटोवर वेळ लिहायची सवय लावा, कोडमधल्या कॉपीलाही हे लागू.

तिसरी गोष्ट इम्यूटेबल कलेक्शन, म्हणजे जे कुणालाच बदलता येत नाही, मालकालासुद्धा नाही. एकदा बनलं की बनलं.

बहुतेक लोक घोटाळा करतात तो इथं. "मी अनमॉडिफायेबल (म्हणजे रीड-ओन्ली) केलंय, आता बदलणार नाही" असं म्हणतात. बदलणार, भाऊ! फक्त त्या दारातून बदलणार नाही. मागचं दार उघडं आहे आणि ते मालकासाठी मुद्दाम उघडं ठेवलंय.

पायरी १: लिस्ट कुठून कुठून गळते ते शोधा

लगेच कोड बदलायला बसू नका. क्लास उघडा आणि त्यात जेवढी लिस्ट, सेट, मॅप फील्ड आहेत त्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: ही बाहेर कुठून जाते, आणि आत कुठून येते? बाहेर जाणारं म्हणजे गेटर, ते सगळ्यांना दिसतं. कमी दिसणारं म्हणजे कॉलबॅकला पास केलेली लिस्ट, इव्हेंटमधून पाठवलेली लिस्ट, किंवा एका मॅपच्या आत व्हॅल्यू म्हणून बसलेली लिस्ट. आणि आत येणारं म्हणजे कन्स्ट्रक्टर आणि सेटर, जे हमखास विसरलं जातं, त्याचं पायरी ३ मधे बघू.

आमच्याकडं एका लॉट्सच्या लिस्टसाठी (लॉट म्हणजे एका ट्रॉलीची नोंद) अशा अकरा जागा निघाल्या. मला वाटलं होतं तीन.

पायरी २: बाहेर देताना व्ह्यू द्या

आधी असं होतं:

पब्लिक लिस्ट<लॉट> गेटलॉट्स() {
  रिटर्न लॉट्स;
}

आता असं:

पब्लिक लिस्ट<लॉट> गेटलॉट्स() {
  रिटर्न कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट(लॉट्स);
}

एवढंच. ही मेथड जावा १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून आहे, तरी ती न वापरणारं कोड मी अजून रोज बघतो. आत काय होतं, तर तुमच्या लिस्टवर एक पातळ कव्हर चढतं. गेट, साईज, कन्टेन्स वगैरे कॉल सरळ मूळ लिस्टकडं जातात, आणि ॲड, रिमूव्ह, सेट, क्लिअर, सॉर्ट यांच्यावर थेट अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन फेकलं जातं. इटरेटर (लिस्टमधले एलिमेंट एकेक करून देणारा) घेऊन त्याच्यावरून रिमूव्ह करायचा प्रयत्न केलात तरी तेच. एकही एलिमेंट कॉपी होत नाही, त्यामुळे लिस्टमधे दहा ट्रॉल्या असोत की दहा लाख, खर्च सारखाच, जवळपास शून्य. "परफॉर्मन्सला फरक पडेल ना" हा बहाणा इथं चालत नाही.

सेट, मॅप, सॉर्टेडमॅप यांच्यासाठी याच कुटुंबातल्या वेगळ्या मेथड आहेत. फक्त अनमॉडिफायेबलकलेक्शन वापरताना एक लक्षात असू द्या, ती इक्वल्स आणि हॅशकोड मूळ कलेक्शनकडं पाठवत नाही, त्यामुळे आतला माल तोच असला तरी दोन कव्हरं एकमेकांशी इक्वल येत नाहीत. लिस्ट आणि सेटवाल्या मेथडमधे ही भानगड नाही.

दुसरं, रिटर्न टाईप अजून लिस्टच आहे, त्यामुळे कंपायलर काही बोलत नाही. कुणी गेटलॉट्सवर सॉर्ट लावलं तर कोड कंपाईल होणार आणि चालवल्यावर आपटणार. जावात याला फार इलाज नाही. मी मेथडच्या वर एका ओळीची कमेंट टाकतो, "लाईव्ह व्ह्यू, बदलता येत नाही", आणि ज्याला अजून कडक हवंय त्यानं लिस्ट बाहेर देऊच नये, फक्त इटरेबल किंवा स्ट्रीम द्यावी. पण इटरेबल नुसती तशीच दिलीत तर इटरेटरमधून रिमूव्ह करता येतंच हां, आत अनमॉडिफायेबल गुंडाळावंच लागतं.

आणि ॲरेज डॉट ॲजलिस्टला रीड-ओन्ली समजू नका. त्यात ॲड चालत नाही म्हणून लोकांना वाटतं की ती बंद आहे, पण सेट चालतं, सॉर्टही चालतं, आणि ते थेट मूळ ॲरेमधे जाऊन लिहितं. म्हणजे आमचा कांद्याचा घोटाळा तिच्यातूनही जसाच्या तसा झाला असता.

आता एक खड्डा, ज्यात मी स्वतः पडलोय. रोज सकाळी नवीन बाजार सुरू होताना मी लॉट्स = न्यू ॲरेलिस्ट असं करायचो. स्क्रीननं व्ह्यू आदल्या दिवशी घेऊन ठेवलेला. आता व्ह्यू ज्या लिस्टकडं बघतोय ती कालची, आणि नवीन ट्रॉल्या पडतायत दुसऱ्याच लिस्टमधे, त्यामुळे स्क्रीनवर दिवसभर कालचेच भाव. एरर नाही, एक्सेप्शन नाही, काही नाही. म्हणून ज्या लिस्टचा व्ह्यू बाहेर देताय ती फील्ड फायनल करा, आणि रिकामी करायची तर क्लिअर करा, नवीन बनवू नका. फायनल केली की मग व्ह्यूपण एकदाच बनवून दुसऱ्या फायनल फील्डमधे ठेवता येतो, दरवेळी गुंडाळायला नको.

पायरी ३: आत घेताना कॉपी करा

समजा कन्स्ट्रक्टरमधे कुणी लिस्ट दिली आणि तुम्ही ती तशीच ठेवली. आता बाहेर देताना तुम्ही कितीही कव्हरं चढवा, ज्यानं लिस्ट दिली त्याच्याकडं मूळ किल्ली आहेच. तो नंतर त्यात ॲड करणार आणि तुमच्या क्लासला पत्ताच नाही. पुढचं दार बंद करून मागं खिडकी सताड उघडी.

दिस.लॉट्स = न्यू ॲरेलिस्ट<>(आलेलीलिस्ट);

आतली लिस्ट नंतर तुम्हालाच बदलायची असेल तर हे. बदलायचीच नसेल तर लिस्ट.कॉपीऑफ(आलेलीलिस्ट), जावा १० पासून आहे. तिची गंमत म्हणजे आलेली लिस्ट आधीच त्या जातीची न बदलणारी असेल तर ती बहुधा परत कॉपी करत नाही, तीच परत देते. एकच अट, नल (म्हणजे व्हॅल्यूच नसणं) चालत नाही, एकही नल असला की नलपॉइंटरएक्सेप्शन. भाव अजून पुकारला नाही म्हणून नल ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा.

लिस्ट.ऑफ जावा ९ मधे आली आणि स्ट्रीमवरची टूलिस्ट जावा १६ मधे, दोन्ही बदलता न येणारी लिस्ट देतात. दोन्ही व्ह्यू नाहीत, मागं दुसरी मूळ लिस्ट नसते. नलच्या बाबतीत मात्र वेगळ्या आहेत, स्ट्रीमची टूलिस्ट नल चालवून घेते.

पायरी ४: लिस्ट बंद झाली, आतला माल?

इथं थोडं थांबा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. लिस्टला कव्हर आहे, पण गेटलॉट्स().गेट(१३).सेटभाव(१४२०) हे बिनबोभाट चालतं! (मोजणी शून्यापासून, म्हणजे १३ ही चौदावी ट्रॉली.) व्ह्यू फक्त लिस्टची रांग सांभाळतो, रांगेतल्या ट्रॉलीत काय भरलंय त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. चौदाव्या ट्रॉलीच्या जागी पंधरावी आणता येणार नाही, पण चौदाव्या ट्रॉलीतला उन्हाळ कांदा काढून लाल भरला तर व्ह्यू बघत बसेल.

उपाय म्हणजे लॉट हाच न बदलणारा करा. जावा १६ पासून रेकॉर्ड पक्के झालेत, त्यात हे एका ओळीत होतं:

रेकॉर्ड लॉट(इंट नंबर, स्ट्रिंग माल, इंट भाव) {}

सेटर नाहीच. भाव बदलला तर नवीन लॉट बनवा आणि मालक क्लासमधून लिस्टच्या त्या जागी सेट करा. बदल एकाच दारातून होतो आणि त्या दाराशी तुम्ही लॉगिंग लावू शकता, कुणी कधी भाव बदलला ते कळतं, जे आमच्या धंद्यात सोन्यासारखं आहे.

रेकॉर्डच्या आत परत लिस्ट असेल, म्हणजे समजा एकाच ट्रॉलीची दोन-तीन वजनं, तर रेकॉर्ड तिला आपोआप बंद करत नाही. रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमधे पायरी ३ ची कॉपीऑफ लावावी लागते. तसंच मॅपच्या व्हॅल्यूत लिस्ट असेल तर नुसत्या अनमॉडिफायेबलमॅपनं भागत नाही, आतल्या प्रत्येक लिस्टलाही गुंडाळावं लागतं.

पायरी ५: दोन थ्रेड असतील तर

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधे एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं, आणि व्ह्यू म्हणजे कुलूप नाही. स्क्रीन व्ह्यूवरून लूप मारतेय आणि त्याच वेळी लिलावाचा थ्रेड मूळ लिस्टमधे ॲड करतोय, तर ॲरेलिस्टचा इटरेटर कन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन फेकेल, किंवा नशीब खराब असेल तर फेकणार नाही आणि चुकीचं काहीतरी दाखवेल. हे एक्सेप्शन येईलच याची जावा हमी देत नाही, त्यामुळे "टेस्टमधे आलं नाही" याला काही अर्थ नाही.

दोन रस्ते. लिस्ट छोटी असेल, वाचणारे खूप आणि लिहिणारं क्वचित, तर मूळ लिस्ट कॉपीऑनराईटॲरेलिस्ट करा, तिचा इटरेटर सुरू झाला त्या क्षणाचा फोटो घेऊन चालतो. नाहीतर सरळ लॉक घ्या आणि लॉकच्या आत कॉपी करून बाहेर द्या. कॉपी करणंसुद्धा लॉकच्या आत हवं, कारण कॉपी म्हणजे शेवटी मूळ लिस्ट वाचणंच आहे.

पायथॉनवाल्यांसाठी

डिक्शनरीचं काम सोपं आहे. टाईप्स मॉड्यूलमधे मॅपिंगप्रॉक्सीटाईप नावाची चीज आहे, पायथॉन ३.३ पासून:

भाव_व्ह्यू = मॅपिंगप्रॉक्सीटाईप(सेल्फ._भाव)

आता भाव_व्ह्यू[१४] = १४२० केलं की टाईपएरर. मूळ _भाव बदललं की व्ह्यूत लगेच दिसतं, म्हणजे अस्सल पुलावरून बघणं. आणि ही काही नवलाची गोष्ट नाही, कुठल्याही क्लासची __डिक्ट__ बघितलीत तर पायथॉन तुम्हाला हीच प्रॉक्सी देतो.

लिस्टसाठी मात्र अशी तयार प्रॉक्सी नाही. टपल देता येतं, पण ती कॉपी झाली. लाईव्ह व्ह्यूच हवा असेल तर कलेक्शन्स डॉट एबीसी मधल्या सिक्वेन्सवरून स्वतःचा क्लास करा:

क्लास लॉटव्ह्यू(सिक्वेन्स):
  डेफ __इनिट__(सेल्फ, मूळ):
    सेल्फ._मूळ = मूळ
  डेफ __गेटआयटेम__(सेल्फ, आय):
    रिटर्न सेल्फ._मूळ[आय]
  डेफ __लेन__(सेल्फ):
    रिटर्न लेन(सेल्फ._मूळ)

दोनच मेथड लिहायच्या, लूप, इन, रिव्हर्स्ड, इंडेक्स, काउंट हे सगळं सिक्वेन्सकडून फुकट मिळतं. ॲपेंड आणि सॉर्ट या मेथडच नाहीत, त्यामुळे कुणी बोलावलं तर ॲट्रिब्यूटएरर. स्लाईस केलं तर साधी लिस्ट मिळते, पण ती कॉपी असते, मूळला धक्का नाही. अर्थात कुणी हट्टानं व्ह्यू._मूळ.सॉर्ट() लिहिलंच तर पायथॉन अडवत नाही, अंडरस्कोर म्हणजे फक्त "कृपया आत येऊ नये" ही पाटी.

बाकीच्या भाषा, पटापट

सी शार्पमधे आयरीडओन्लीलिस्ट हा इंटरफेस आहे आणि त्यात ॲड नाहीच, म्हणजे चूक कंपाईल करतानाच पकडली जाते, हे जावापेक्षा भारी. पण मूळ लिस्टच त्या टाईपनं परत दिलीत तर कुणीही कास्ट करून (म्हणजे टाईप बदलून) लिस्ट परत मिळवू शकतो. लिस्टवर ॲजरीडओन्ली बोलवा, ते खरं कव्हर चढवतं. कॉटलिनची लिस्ट आणि म्यूटेबललिस्ट यांची गत तशीच, लिस्ट हा टाईप "मी बदलणार नाही" एवढंच म्हणतो, "कुणीच बदलणार नाही" असं नाही.

जावास्क्रिप्टमधे ऑब्जेक्ट.फ्रीझला लोक व्ह्यू समजतात आणि तो व्ह्यू नाही. ते मूळ वस्तूच गोठवतं, म्हणजे मालक पण बाहेर! शिवाय वरवरचं गोठवतं, आतले ऑब्जेक्ट मोकळेच. स्ट्रिक्ट मोड नसेल तर फ्रीझ झालेल्या ॲरेत अठराव्या जागी काही ठेवायला गेलात तर ते चुपचाप गिळून टाकतं, एरर पण नाही. आणि मॅपला फ्रीझ लावून काहीच होत नाही, सेट चालूच राहतं. टाईपस्क्रिप्टचं रीडओन्ली हे फक्त कंपाईलपुरतं, चालताना त्याचा मागमूस नसतो, तरी मी ते लावतोच, कारण आमच्यासारख्या चुका ऐंशी टक्के तिथंच सापडतील असं माझं मत. (आकडा हिशोबाचा नाही, अनुभवाचा.)

आता ज्या सॉर्टनं हे सगळं रामायण घडवलं त्याचं. कव्हर चढवल्यावर ज्युनियरनं टॉप १० कसं काढायचं? जावात लॉट्सची स्ट्रीम करून सॉर्टेड आणि मग टूलिस्ट, पायथॉनमधे डॉट सॉर्ट ऐवजी सॉर्टेड फंक्शन, जावास्क्रिप्टमधे २०२३ च्या आवृत्तीतलं टूसॉर्टेड. तिन्ही नवीन लिस्ट देतात, मूळ रांग जागच्या जागी.

पायरी ६: टेस्ट, चारच

एक, गेटलॉट्सवर ॲड आणि सॉर्ट केलं की एक्सेप्शन आलंच पाहिजे. दोन, व्ह्यू हातात धरून ठेवा, मालकाकडून एक ट्रॉली वाढवा, व्ह्यूची साईज एकनं वाढली पाहिजे. तीन, कन्स्ट्रक्टरला दिलेली लिस्ट बाहेरून क्लिअर करा, आतल्या लिस्टला काही व्हायला नको. चार, नवीन बाजार सुरू करा आणि जुना व्ह्यू रिकामा दिसतोय ना बघा, हा माझ्या खड्ड्यासाठी.

आमच्याकडं शेवटी असं ठरलं: लिलावाच्या स्क्रीनला लाईव्ह व्ह्यू, कारण तिथं पुढची ट्रॉली लगेच दिसायला हवी, आणि हिशोबपट्टी छापणाऱ्याला लॉकमधे घेतलेली कॉपी, वेळ टाकून, कारण छापता छापता भाव हलला तर परत फोन. भाव आणि वजन आता ट्रॉलीच्या नंबराच्या मॅपवरून जुळतात, लिस्टमधल्या जागेवरून नाही. एका फंक्शनच्या आत जन्मून तिथंच मरणाऱ्या लिस्टला काहीच लावलं नाही, उगाच कव्हरांचा बाजार नको.

सोमवारी सकाळी हे सगळं टेस्ट सर्व्हरवर चढवलं आणि आदल्या आठवड्याचा एक आख्खा बाजार त्याच्यातून चालवून बघितला. लॉगमधे तीन ठिकाणी अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन. एक टॉप १० वालं, ते अपेक्षितच होतं. दुसरंही ज्युनियरचंच. तिसरं बिलाची डुप्लिकेट प्रत काढणाऱ्या फंक्शनमधलं, जे कित्येक वर्षं गुपचूप लिस्टमधून एलिमेंट उडवत होतं, आणि कमिट कुणाचं म्हणून बघितलं तर माझंच.